पांढऱ्या बोटीचा कौल

दोन्ही बोटी जेवणाच्या टेबलावर पसरल्या होत्या. एक पांढरी, एक पिवळ्या धुराड्याची. दोन्ही गुळगुळीत कागदावर छापलेल्या आणि दोन्हींवर आमरसाचे डाग. विलायतेला जायचं नक्की होतं. पावसाच्या तोंडावर निघायचं नि दिवाळीला परत यायचं, हेही नक्की होतं. कोणत्या बोटीनं, एवढ्यावर टिपणीसांचा संसार लोणावळ्याच्या बंगल्यात अडून बसला होता.

"पिवळीवर नाचायला हॉल आहे," टिपणीससाहेब म्हणाले.

"तुम्ही नाचणार?"

"बघायला काय हरकत आहे?"

कुमुदबाईंनी पांढरी बोट पुढे सरकवली. "हिच्यावर शाकाहारी टेबल वेगळं. मुलांची खोली वेगळी, सांभाळायला मडमा. पिवळीवर यातलं काही नाही. मग गंगीला न्यावं लागेल." थर्मास न्यावा लागेल, हे त्यांनी मघाशी याच सुरात सांगितलं होतं.

गंगी बेबीला भात भरवत होती. घास हातातच राहिला. तिचं स्वतःचं पोर सात महिन्यांचं होतं; बागेमागच्या खोलीत झोळीत निजलं होतं आणि अजून अंगावर पीत होतं. नाही म्हणायला तिला कुणाची बंदी नव्हती. फक्त ती खोली साहेबांची होती, तिचा नवरा बुधा साहेबांचा माळी होता, आणि कुरवंडे गावातलं घर पडल्यापासून म्हातारा सासरा सावळा त्याच छपराखाली राहत होता.

तोडगा बाईंनीच काढला. बंगल्याच्या आवारात कोपऱ्याला वाघजाईचा शेंदरी दगड होता आणि सावळा तिचा भगत होता. गाय हरवली, सोयरीक अडली, की कुरवंड्याची माणसं त्याच्याकडं कौल लावायला येत.

"तिलाच विचारू," बाई म्हणाल्या.

साहेब एम.एस्सी. होते. "माझा विश्वास नाही. पण प्रयोग म्हणून हरकत नाही," असं म्हणून त्यांनी चपला काढल्या आणि सगळ्यांच्या आधी हात जोडून उभे राहिले.

"बोटीचं देवीला कधी इचारलं न्हाई, सायेब," सावळा म्हणाला. "इचारतो. पर एकडावच. फिरून इचारलं तर कोपती."

डोळ्यांत मोतीबिंदू वाढल्यापासून सावळा नुसतं गाऱ्हाणं घाली. तांदळाचे ओले दाणे दगडाला चिकटवायचं काम गंगीचं. उजवा दाणा पांढऱ्या बोटीचा, डावा पिवळ्या धुराड्याचा. जो आधी गळेल, ती बोट देवीनं दिली.

गंगीनं उजवा दाणा पाण्यात जेमतेम बुडवला आणि नखानं अलगद टेकवला. डावा घेताना ती पुरती दगडाकडं वळली. मागं साहेब, बाई. त्यांना तिची पाठच दिसत होती. तिनं दाणा जिभेवर धरला, बुळबुळीत होईपर्यंत धरला, आणि अंगठ्यानं दाबून बसवला. देवीला उष्टं लावलं. तिचे कान तापले. त्या वेळी पोर रडलं असतं तर जरा धीर आला असता, पण ते गाढ झोपलं होतं.

"आई वाघजाई," सावळानं गाऱ्हाणं घातलं, "सायबाच्या म्होरं दोन होड्या हायेत. लय मोठ्या हायेत म्हनं. कंच्या होडीत बसू, एवढं सांग."

उजवा दाणा गळाला.

"पांढरी!" बाईंनी टाळी वाजवली. साहेब "योगायोग" म्हणाले. नाचाचा हॉल गेल्याचं दुःख त्यांनी देवीसमोर दाखवलं नाही. गंगीनं जमिनीला डोकं टेकवलं. ते वर काढायला तिला बराच वेळ लागला.

"बरं झालं बाई," कुमुदबाई म्हणाल्या. "पांढरीवर मुलं सांभाळणाऱ्या आयांची राहायची सोयही चांगली आहे. गंगे, तुला दोन बरी पातळं घ्यायला हवीत."

गंगीला आधी उमगलंच नाही. "बाईसाहेब, मडमा हायेत ना तितं?"

"मडमा इंग्रजी बोलणार. आमच्या बेबीला ते काय कळणार? आणि भात कोण भरवणार? अगं, पिवळीवर तुला एकटीला सगळं पडलं असतं. इथं मडमा मदतीला आहेत. देवीनं तुझाही विचार केला बघ!"

बाई मुंबईला ट्रंककॉल लावायला आत गेल्या. साहेब चपला घालून त्यांच्या मागोमाग गेले. बेबी आपल्या बोटानं शेंदूर खरवडत होती. गंगीनं तिला कडेवर घेतलं, कारण तेही तिचंच काम होतं.

"आबा, मी न्हाई जायाची," ती म्हणाली. "पोर अंगावर हाय."

सावळा तिथंच बसून होता. "मला काय ठावं न्हाई व्हय? सायबानं ठरवलं असतं तर सायबाचं पाय धरलं असतं मी. रडलो असतो. पर आता आईनं होडी दिली. तिच्या शब्दाच्या म्होरं मी कुनाचं पाय धरू?"

"आबा, त्यो दाना..."

"काय दाना?"

गंगीनं दगडाकडं पाहिलं, मग भगत असलेल्या सासऱ्याकडं पाहिलं. त्यानं देवीपुढं जोडलेले हात अजून सोडले नव्हते.

"काय न्हाई," ती म्हणाली.

"मग रडू नगं. तिनं धाडलं, तीच राखंल." सावळा गुडघ्यावर हात टेकून उठला. "आन् पोराला उद्यापासनं शेळीच्या दुधावर लाव. तुझ्या देखत सवय झालेली बरी."