पहिला वर

यमाने मागे वळून पाहिले, असे म्हणता म्हणता व्यासपीठावरून तिनेही समोर पाहिले. पहिल्या रांगेच्या कडेला, चाकांच्या खुर्चीत वडील बसले होते. चेहरा तिच्याकडे होता. नजर कुठे पोचत होती, ते कळत नव्हते.

कथा त्यांचीच होती. नवऱ्याचा प्राण घेऊन निघालेल्या यमाच्या मागोमाग चालत राहिलेल्या त्या बाईची कथा त्यांनी उभा जन्म सांगितली. लेक पेटीवर, त्यांचा धाकटा भाऊ तबल्यावर. मग हिवाळ्यात मेंदूतली एक शीर तुंबली आणि वाचा गेली. हात सावरला, घास गिळता येऊ लागला, शब्द मात्र परतले नाहीत. त्यांना काही समजते की नाही, हेही डॉक्टरांना सांगता येईना. ओळखीचे काही कानावर पडू द्या, एवढेच ते म्हणाले होते. आई म्हणे, त्यांना सगळे कळते. काका म्हणत, वहिनी, कुलूप लावलेल्या घरापुढे उभे राहून किती हाका मारायच्या? अखेर लेकच कथेला बसली. तीच कथा, तोच ठेका, आणि ऐकायला ते.

ध्रुपद कितीदा तरी आले. सारे सभागृह गायले. वडिलांचे ओठ हलले नाहीत. प्रत्येक वेळी तिच्या आत एकेक दिवा कुणीतरी फुंकर घालून मालवत होते.

"याचा प्राण सोडून हवं ते माग," यमाचा खर्ज लावून ती म्हणाली.

पुढचे सर्वांना पाठ होते. ती बाई आधी आंधळ्या सासऱ्याची दृष्टी मागते, मग त्याचे गेलेले राज्य, मग आणखी काही. नवऱ्याचा प्राण ती थेट मागतच नाही. शब्दामागून शब्द घेत शेवटी यमालाच त्याच्या वचनात अडकवते. कथेची सगळी करामत त्या क्रमात होती. पण तिचे डोळे खुर्चीवर खिळले होते, आणि तोंडून भलतेच निघून गेले.

"यांना परत द्या. आहेत तसे द्या."

म्हटले आणि तिला कळले, की कथा बुडाली. यमाला आता 'नाही' म्हणणे भाग होते, आणि त्या 'नाही'पुढे बाईला पाऊल टाकायला जागाच नव्हती. काकांनी ठेका चालू ठेवला. एक आवर्तन गेले. दुसरे गेले. तिचे बोट पेटीच्या एकाच पट्टीवर रुतून बसले होते. मागे कुणीतरी खाकरले.

तेव्हा पहिल्या रांगेतून आवाज आला. खरखरीत, फार दिवस न उघडलेल्या दारासारखा.

"चुकलीस."

ठेका तुटला.

"आधी... सासऱ्याचे डोळे."

सभागृह हसले, टाळ्या पडल्या. यमाला प्रेक्षकांतच आणून बसवलंय, ही युक्ती लोकांना फार आवडली. काका मात्र तबल्यावर दोन्ही हात पालथे टाकून नुसते बघत राहिले. लहानपणी 'चुकलीस' हा एक शब्द ऐकला की रियाज सोडून ती आईच्या पदराआड दडत असे. आज तिने त्या शब्दापुढे मान झुकवली. पेटीच्या पट्ट्या ओल्या झाल्या. मग कसाबसा सूर धरून तिने सासऱ्याचे डोळे मागितले, आणि यमाने ते दिले.

खाली आईने नवऱ्याच्या खांद्यावरून घसरलेली शाल सारखी केली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होते, ते पुसायचेही तिला सुचले नाही.

"इतक्या महिन्यांनी तोंड उघडलं," ती शेजारणीला म्हणाली, "तेही पोरीची चूक काढायला."