चाकोरी सोडा

चढ संपून उतार लागतो तिथंच म्हातारा कोसळला. एक स्की निखळून बाजूला गेली, दुसरी पायाखाली पिळवटली. बर्फात कोरलेल्या चाकोरीत तो पालथा पडून राहिला.

"चाकोरी सोडा!" मागून येणाऱ्या स्पर्धकांनी हाळी दिली. तो उठेना, तसे ते शेजारच्या चाकोरीत शिरून निघून गेले. एकाची काठी त्याच्या बोटांत रुतली.

गुन्वोर चढाखाली पन्नास पावलांवर स्पर्धकांना ब्लूबेरीचं गरम सूप देत होती. डॉक्टरांना फोन करतच ती वर धावली.

"अहो बाई, सूप कोण देणार?" मागून कुणी तरी विचारलं.

म्हाताऱ्याचे ओठ राखाडी पडले होते. तिनं त्याला काखेत धरून ओढलं. तो हलेना. "जरा हात लावा," ती प्रत्येकाला म्हणत होती. सुपानं जांभळी झालेली तोंडं, मिशांवर गोठलेला शेंबूड, नजर सरळ पुढे. माणसं जात राहिली.

मग इंग्वे आला. तिचा नवरा. नव्वद किलोमीटरची ही त्याची अठ्ठाविसावी स्पर्धा; नऊ तासांच्या आत तो कधीच पोचला नव्हता. त्याच्या स्कींना आदल्या दिवशी तिनंच मेण घासून दिलं होतं.

"इंग्वे, पाय धर यांचे."

तो थांबला. आधी म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे.

"डॉक्टरांना कळवलंस ना?"

"येतायत. तोवर यांना बाजूला तरी घेऊ."

"येतायत ना, मग झालं तर. आधीच चार मिनिटं मागे आहे मी." त्यानं काठ्या रोवल्या. "आणि तू खाली जा. लोक खोळंबलेत."

तिनं पुन्हा म्हाताऱ्याच्या काखेत हात घातले.

शेवटी एका ठेंगण्या बाईनं स्की काढल्या. "मला नाही तरी पुढच्या ठाण्यावर उशीर झाला म्हणून बादच करणार आहेत," ती म्हणाली. दोघींनी म्हाताऱ्याला ओढून उताणं केलं आणि स्नोस्कूटर येईपर्यंत आळीपाळीनं त्याची छाती दाबली.

पाच वाजता इंग्वेचा फोन आला.

"आठ तास सत्तावन्न." तो रडत होता. "गुन्वोर, ऐकतेयस ना? अठ्ठावीस वर्षं लागली गं."

"ते वाचले," ती म्हणाली.

पलीकडे लाउडस्पीकरवर नावं पुकारत होते, लोक टाळ्या वाजवत होते.

"कोण?" त्यानं विचारलं.