नाण्यांची फेरी

“जुई लिंबूटिंबू! तिला कुणी लाथ मारायची नाही,” तिच्या हातात व्हिडिओ गेमचा रिमोट देत कौस्तुभदादाने नियम सांगितला. शेजारच्या मल्हारने मान डोलावली. जुईचा चेहरा पडला. आठवीतल्या या दोघांनी आपल्याला एकदा तरी खरा गडी मानावं, एवढीच तिची इच्छा होती.

टीव्हीच्या पडद्यावर नाण्यांची फेरी सुरू झाली. जुईचा खेळाडू म्हणजे एक छोटं माकड. आभाळातून नाणी बरसू लागली. जो जास्त वेचेल तो जिंकणार. पण लाथ बसली, की जमवलेली नाणी सांडणार. दादा आणि मल्हार सगळ्यांत वरच्या फळीवर एकमेकांवर तुटून पडले.

“घे!”

“तूच घे!”

प्रत्येक लाथेसरशी त्यांची नाणी खळखळत खाली येत होती, थेट जुईच्या माकडासमोर. ते टुणटुण उड्या मारत सगळी वेचत सुटलं. त्याला अडवायला कुणी येतच नव्हतं!

बघता बघता तिचा आकडा दोघांच्या पुढे गेला. जुईला ओरडावंसं वाटलं, पण तिने ओठ घट्ट मिटून घेतले. शेवटी घंटा वाजली आणि पडद्यावर एकटं माकड नाचू लागलं.

“हिचं धरायचं नाही हं!” दादा ओरडला.

“मग आपल्याला हरवलं कुणी? भुताने?” मल्हार पोट धरून हसू लागला.

दादा बाह्या सरसावत म्हणाला, “जुई, पुढच्या डावात पहिली लाथ तुला!”

“मारून तर बघ!” म्हणत जुई दोघांच्या मधोमध जाऊन बसली.