त्याच्या आवाजात

दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या संशोधन जहाजावर दत्ताराम स्वयंपाकी होता. बर्फाच्या पाण्यात सिग्नल गेला की दाभोळच्या घरी रोज मशीनच त्याच्या आवाजात फोनवर बोलायचं. कंपनीची सोय होती ती, आणि बायकोला, रजनीला, ते माहीत होतं.

त्या दिवशी पोळ्या लाटताना भिंतीवरच्या फोनचा हिरवा दिवा अचानक लागला. सिग्नल आला होता! पिठाच्या हातांनीच त्याने घरी फोन लावला.

"रजनी, इथे बोलायला कुणी नाही गं. जिकडे बघावं तिकडे नुसतं पांढरं. तुझी फार आठवण येते."

रजनी हसली. "मशीनबाबा, आज भलतंच गोड बोलताय! आमचे हे कसले असं बोलतायत? 'जेवलीस का' एवढं विचारतात आणि गप्प बसतात." मग तिचा आवाज उतरला. "मला तेवढंच ऐकायचंय हो."

दत्तारामने पिठाचे हात एकेक करून पुसले आणि फोन तोंडाशी घट्ट धरला.

"जेवलीस का?"

उत्तर आलं नाही. हिरवा दिवा आधीच विझला होता, आणि दाभोळला मशीन त्याच्याच आवाजात पुढचं गोड गोड बोलू लागलं होतं.