बुधवारचं प्रस्थान

"पासपोर्ट इकडे दे," विद्याधररावांनी हात पुढे केला.

शमिकानं दिला. सासऱ्यांशी हुज्जत घालून या घरात आजवर कुणी जिंकलं नव्हतं, आणि ती तीन दिवस प्रयत्न करून थकली होती. त्यांनी तो लोखंडी कपाटात, आपल्या आणि बायकोच्या, लीलाबाईंच्या पासपोर्टांवर ठेवला. शमिकाच्या नवऱ्यानं, संकेतनं, आईवडिलांना परदेशी आपल्याकडे फिरायला बोलावलं, तेव्हा ते काढले होते. मग तिकडे युद्ध पेटलं आणि फिरणं राहूनच गेलं.

"नाना, संकेत एकटा आहे तिथे. सगळे इंडियन निकल गए. पाय मोडलाय, तो कसा येणार?"

"सरकारनं जाऊ नका म्हटलंय. गेलात तर जबाबदारी तुमची, असं स्पष्ट लिहिलंय. स्वराली पाच वर्षांची आहे. तुला काही झालं तर तिनं कुणाकडे बघायचं?"

ते खरं होतं, म्हणून शमिकाला जास्तच राग आला.

संकेत तिथल्या वीज प्रकल्पात इंजिनियर होता. शेवटचं विमान भारतीयांना घेऊन निघालं, तेव्हा तो ऑपरेशनच्या टेबलावर होता. आता इस्पितळाला खाट रिकामी हवी होती. सोबत घरचा माणूस असेल तरच सीमेपर्यंत सोडू, असं डॉक्टर म्हणत होते. शेजारच्या देशापर्यंत विमानं चालू होती. पुढे सहा तासांचा रस्ता, आणि त्या रस्त्याचा भरवसा कुणालाच नव्हता.

"मी दूतावासाला अर्ज करतो," विद्याधरराव म्हणाले आणि वही घेऊन बसले. इस्पितळाचा पत्ता, डॉक्टरांचं नाव, त्या रस्त्यावरच्या टॅक्सीवाल्याचा नंबर, सगळं त्यांनी विचारून घेतलं. रेल्वेत छत्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. अर्जातला एकही रकाना रिकामा सुटला तर त्यांना जेवण जात नसे.

"पाय कुठला? डावा की उजवा?"

"डावा," शमिका दात आवळून म्हणाली. पोरगा तिकडे अडकलाय आणि यांना अर्जाची पडलीय!

त्या संध्याकाळी संकेतचा फोन आला. "मैं एकदम ठीक हूँ," तो म्हणाला. खोटं बोलायचं असलं की तो लहानपणापासून हिंदीत बोलतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. विद्याधररावांनी वही मिटली.

शमिकानं गुपचूप बुधवारचं दिल्लीच्या गाडीचं आणि पुढच्या विमानाचं तिकीट काढलं. निदान एकीला तरी सांगायला हवं, म्हणून स्वयंपाकघरात लीलाबाईंना सांगितलं.

लीलाबाईंचा लाटणं धरलेला हात थांबला. "बुधवारी दिल्लीला? उत्तरेला दिशाशूळ असतो गं बुधवारी," एवढंच त्या म्हणाल्या.

सोमवारी सकाळी पदराआड एक गाठोडं घेऊन त्या शेजारच्या मृदुलाकडे जाताना दिसल्या. हिंदी मुलखातल्या या गावात, लक्ष्मी गेटजवळच्या गल्लीत, मराठी घरं दोनच उरलेली, एक यांचं आणि एक मृदुलाचं. प्रवासाचा दिवस वाईट असला की आधीच चांगल्या मुहूर्तावर जाणाऱ्याचा कपडा, सुपारी, अक्षता बांधून शेजारी ठेवायच्या. तेच प्रस्थान. मग प्रवास त्याच दिवशी सुरू झाला असं धरतात आणि निघताना गाठोडं उचलून सोबत नेतात. लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हा या प्रकाराला हसली होती. आज हसू आलं नाही. आई आपल्या बाजूच्या आहेत, याचा तिला फार आधार वाटला. विचारलं मात्र काहीच नाही. नानांच्या कानावर जायला नको.

बुधवारी सकाळी किल्ल्या कपाटालाच लटकत होत्या. नाना फिरायला गेलेले असावेत. दार उघडलं तर समोर दोनच पासपोर्ट, लीलाबाईंचा आणि वर तिचा. तिनं आपला चटकन पर्समध्ये टाकला.

लीलाबाई स्वरालीची वेणी घालत होत्या. शमिका पाया पडली. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ उचलला नाही. त्यांचे डोळे रडून सुजले होते. स्वरालीकडे पुन्हा बघितलं तर पाय निघणार नाही, म्हणून शमिका तशीच बाहेर पडली.

मृदुला दारातच होती.

"प्रस्थान घ्यायला आले," शमिका म्हणाली. "नऊची गाडी आहे."

"तुमचं कुठलं, भाभी?" मृदुला गोंधळली. "आत तर नानाकाकांचा सदरा होता. ते गाठोडं घेऊन सहाच्या गाडीनं दिल्लीला निघाले. म्हणाले, मी निघेपर्यंत शमिकाला सांगू नकोस, ती मला जाऊ द्यायची नाही."