पडलेला गुण्या
मुलुंडच्या कॉलेजात मी एकोणीस वर्षं तासिका तत्त्वावर फिटरकाम शिकवतोय. कायमची जागा निघाली, पण डिप्लोमा नाही म्हणून माझा अर्ज बाद. आज त्याच जागेचं प्रॅक्टिकल होतं. उमेदवार माझीच जुनी विद्यार्थिनी नमिता, आणि हत्यारं मांडायला मी. खोटं कशाला बोलू, पोटात दुखत होतं. काटकोन आखायचा एक गुण्या पडून बिघडला होता, तोच मी मुद्दाम तिच्यापुढे ठेवला. "घे गं, झकास आहे." तिने कामाला हात लावण्याआधी पत्र्यावर एक रेघ मारली, गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी मारली. रेघा एकावर एक न येता फाकल्या. तिने माझ्याकडे पाहिलं. "सर, हा पडलेला दिसतोय. तुमचा द्याल?" मी खिशातला काढून दिला. परीक्षक म्हणाले, "आधी गुण्या तपासायचा, हे कोणी शिकवलं?" "सरांनीच. पहिल्याच दिवशी." परीक्षकांनी खूश होऊन त्याचे पूर्ण मार्क दिले. तिला.