लुबाकीची सही

कॅप्टन बोफांडाने लुबाकीच्या चित्रकथांचे जुने अंक टेबलावर ओळीने मांडले आणि सगळ्यांच्या शेवटी एक चुरगळलेला कागद ठेवला.

कागदावर म्हातारा बिबट्या होता. तोंडात दात नाहीत, डोक्यावर कातड्याची ठिपकेदार टोपी, आणि उपाशी गाव त्याला घास भरवतंय. किन्शासात तशी टोपी एकटे राष्ट्राध्यक्ष घालतात हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. रविवारी सकाळी गांबेला बाजाराच्या भिंतींवर असे कागद चिकटवलेले सापडले होते.

लुबाकीने कागद पाहिला. मग पुन्हा पाहिला.

"सही नाहीये," कॅप्टन म्हणाला. "बाकी सगळ्यांवर आहे. कुणी काढलं असेल, बाबा?"

"मी नाही काढलं."

"मग कुणी?"

लुबाकीने नजर वळवली. दारापाशी बसलेला शिपाई शेंगदाणे सोलत होता. पलीकडच्या खोलीत मघापासून कुणीतरी खोकत होतं. आता तो आवाज थांबला होता.

कॅप्टनने पहिला अंक उचलला. "पोलिकार्प लुबाकी. काय ही सही! पाव पान खाल्लंय."

"तरुण होतो, साहेब. आईला दाखवायची होती."

"तिला वाचता यायचं?"

"नाही. म्हणून मोठी."

शिपाई हसला. कॅप्टन हसला नाही. त्याने पुढचा अंक उघडला.

"इथे पोलिकार्प गायब."

"सरकारनेच सांगितलं होतं ना, ख्रिस्ती नावं सोडा म्हणून. सोडलं."

"शहाणा माणूस. मग इथे लुबाकीतलं नुसतं पहिलं अक्षर. आणि गेल्या वर्षापासून हा ठिपका. माशी बसल्यासारखा." त्याने बोट ठिपक्यावर ठेवलं. "माणूस मोठा होतो तशी सही फुगते. आमच्या जनरलसाहेबांची बघ, कागद फाटतो. तुझी का आक्रसत गेली?"

"चित्राला जागा लागते."

"की घाबरलास?"

"तेही आहे."

"आणि ठिपक्यानंतर काय उरतं?" कॅप्टनने बिबट्याचा कागद त्याच्यापुढे सरकवला. "हे उरतं. कोरा कोपरा."

लुबाकीने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"शाळेत असताना तुझ्या मामा लोसाकोचे अंक भाड्याने घेऊन वाचायचो मी," कॅप्टन म्हणाला. "मासळीवाली. पोलिसांना नुसत्या जिभेने सोलायची. कुठे भेटली रे तुला ती बाई?"

"घरी."

आता मात्र कॅप्टन खदखदून हसला. मग एकदम थांबला. "तिच्या मानेची रेघ आणि या बिबट्याच्या मानेची रेघ एकच आहे. मला शेंडी लावू नकोस. दुसऱ्या कुणाला ती जमत नाही."

"देवाशपथ सांगतो साहेब, या कागदावर एक रेघही माझी नाही."

"ठीक आहे." कॅप्टनने खिडकीतून खाली हात केला. अंगणात जीप सुरू झाली. "माणसं तुझ्या घरी जातायत. न्सोना ना तुझ्या बायकोचं नाव? तिलाच विचारतो. शाई कुठे असते, ब्रश कुणाचे, रात्री दिवा कुणाचा जळतो. इथे आणून निवांत विचारू. बायका फार वेळ टिकत नाहीत."

लुबाकी उठून उभा राहिला. शिपायाने शेंगदाणे खाली ठेवले.

"तिला काही माहीत नाही."

"मग विचारायला काय जातंय?"

खाली जीपचं दार धाडकन लागलं. फाटक उघडल्याचा कर्र आवाज आला.

"पेन द्या," लुबाकी म्हणाला.

त्याने पेन घेतलं आणि बिबट्याचा कागद जवळ ओढला. पण त्याने ठिपका काढला नाही. त्याने अख्खं नाव लिहिलं, पोलिकार्पसकट. मोठं, ऐसपैस, शेवटच्या अक्षराची शेपटी कागदाच्या कडेपर्यंत ओढून.

कॅप्टनने तो कागद पहिल्या अंकाशेजारी धरला. बराच वेळ दोन्ही सह्या निरखल्या.

"ही खरी," तो म्हणाला. मग खिडकीतून ओरडला, "जीप आत घ्या. गरज नाही आता."

लुबाकीने डोळे मिटले. इंजिन बंद पडेपर्यंत त्याने ते उघडले नाहीत.

शिपायाने त्याचा दंड धरला.

"साहेब, एकदा बघू द्या."

"स्वतःच्याच चित्रात काय बघायचंय?" कॅप्टन म्हणाला, पण कागद त्याने पुढे केला.

लुबाकी त्यावर वाकला. बिबट्याचं बोळकं, घास धरलेली बोटं, मागे उभ्या बाईची वळलेली मान, सगळं एकेक करून पाहत राहिला. इतक्या वर्षांत न्सोनाने काढलेल्या सगळ्या चित्रांत त्याला न दाखवलेलं हे एकच होतं.